खानावळ वाढवली आहे

ठाणे, १० ऑगस्ट २०२५

युजीन,

तुला नमस्कार-बिमस्कार काही लिहिणार नाही. स्टेलाला सांग माझा नमस्कार, ती शहाणी बाई आहे.

फोन करून करून थकलो. तू उचलत नाहीस. टान्या उचलते आणि गोड आवाजात सांगते, 'अंकल, डॅडी किचनमध्ये आहेत, मी सांगते हां त्यांना.' सांगते की नाही देव जाणे. शेवटी पोस्टात जाऊन पाकिटं आणली. काउंटरवरच्या पोरीने विचारलं, 'काका, कुरिअर करायचंय का?' म्हटलं, नाही गं, पत्र आहे, भांडायचं आहे. तिला हसायला आलं. पत्राचा एक फायदा असा की टान्याला मराठी वाचता येत नाही. तुला येतं. शाळेत माझ्याच पाटीत डोकावून शिकलास.

नारळी पौर्णिमा झाली. बंदरावर नारळ घेऊन मी एकटाच उभा राहिलेलो. दर वर्षी तू बाजूला असायचास, रविवारी चर्चला जाणारा माणूस आणि नारळाला हात लावून पाया पडायचास. कोणी चिडवलं तर म्हणायचास, 'मासे दोघांनी खाल्ले, मग देव एकट्याचा कसा?' या वेळी लोकांनी मला विचारलं, 'पार्टनर कुठाय?' मी सांगितलं, येतोय. का तसं सांगितलं ते मला माहीत नाही.

तर कळलंच असेल तुला, खानावळ वाढवली. शेगड्या थंड आहेत, बाकं उलटी करून टेबलावर ठेवली आहेत आणि वरच्या दोन खोल्यांना कुलूप घातलंय. मार्चात तू काय म्हणालेलास आठव. 'सहदेव, चार दिवस जातो उत्तनला, टान्याचं हॉटेल सुरू करून देतो आणि येतो.' बॅगेत एक लुंगी आणि दोन शर्ट. माणूस एवढ्याशा कपड्यांत कुठे लांब जातो का, म्हणून मी रिक्षापर्यंतसुद्धा आलो नाही.

मी चालवून बघितली रे. खोटं नाही सांगत. पण आयुष्यभर तू रांधलंस आणि मी वाढलं. आता या वयात मी कालवण करायला गेलो. स्टेलाचा बाटलीतला मसाला होता तोवर झाकली मूठ होती. तो संपला आणि मी बाजारातला आणला. ते बँकेतले साहेब नाहीत का, शनिवारी येऊन खिडकीतल्या टेबलावर बसणारे, खाडीकडे तोंड करून जेवणारे, त्यांनी नुसता भात लोणच्याशी खाल्ला. उठताना म्हणाले, 'काका, छान होतं.' ताट उचलताना बघितलं तर सुरमईला बोटसुद्धा लावलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पेंटरला बोलावून पाटी लिहून घेतली आणि दाराला टांगली.

चिराग मागे लागलाय. म्हणतो, पप्पा, एकटे काय करता तिथे, दिवाळीनंतर आमच्याकडेच या राहायला. पोरगा चांगला आहे, सूनही चांगली आहे, तक्रार नाही. पण एकदा मी तिथे गेलो की ही जागा संपली. तू येणार असशील तर मी जात नाही. आपण परत सुरू करू. नसशील येणार तर तसं लिही. 'नाही' हा शब्द काय मोठा नाही.

सहदेव


५ सप्टेंबर

युजीन,

उत्तर नाही. बरं. मीच बोलतो, तू ऐक. तसंही आपलं असंच चालायचं.

गणपतीला चिरागकडे गेलेलो. त्याची ती घोडबंदर रोडवरची इमारत तू पाहिली नाहीस. लिफ्टमध्ये कान दुखतात. गॅलरीत उभं राहिलं की सगळी खाडी दिसते, तिवरांचं रान दिसतं, पलीकडचे डोंगर दिसतात, आणि नीट बघितलं तर आपल्या खानावळीचे पत्रे दिसतात. मेघाली म्हणाली, 'पप्पा, बघा ना, किती छान व्ह्यू आहे, तुम्हाला तुमचं हॉटेल रोज दिसेल.' तिने प्रेमानेच म्हटलं. मी आत जाऊन टीव्ही लावला.

विसर्जन झाल्यावर त्यांनी मला जेवायला बाहेर नेलं. 'कोस्टल' हॉटेल आहे म्हणाले, नवीन निघालंय. युजीन, तू असतास तर आपल्याला बाहेर काढलं असतं, इतके हसलो असतो. भिंतीवर जाळी टांगलेली, जाळ्यात प्लास्टिकचे खेकडे. कोपऱ्यात अर्धी होडी कापून तिच्यात बडीशेप ठेवली आहे. ज्याने ती होडी कापली त्याला पाप लागेल. वेटर पोरगं मला विचारतं, 'सर, फिश खाते हैं ना आप?' मी म्हटलं, बाबा, कधीमधी.

कालवण आलं ते मातीच्या छोट्या बोळक्यात, वर कोथिंबिरीची एक काडी. त्यात मलई होती. बांगड्याच्या कालवणात मलई. चिराग आणि मेघाली दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती. 'कसं आहे, पप्पा?' मी म्हणालो, छान आहे. आणि त्या क्षणी बँकेतल्या साहेबांची मला फार दया आली.

घरी परतलो तर आपल्या दारात कोणी तरी गाडी लावून खाडीचे फोटो काढत होतं. ते गेल्यावर एकदम शांत झालं. मला ती शांतता सहन होत नाही रे. आधी गिऱ्हाइकांच्या आवाजाने डोकं उठायचं तेव्हा म्हणायचो, जरा गप्प बसतील तर बरं. आता मी रेडिओ लावून ठेवतो आणि ऐकत नाही.

तू का रुसलास तेवढं सांग. मी काही बोललो का? मी तर रोजच काहीतरी बोलायचो. त्यातलं नेमकं कुठलं लागलं?

सहदेव


२८ सप्टेंबर

युजीन, लेका,

सापडलं. सगळं सापडलं. मी एकटाच हसतोय आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतोय.

काल टेंभी नाक्याला देवीच्या दर्शनाला जायला निघालेलो. दाराला कडी लावतोय तर गाडीतून एक कुटुंब उतरलं. नवरा, बायको, आजी, दोन पोरं. नवऱ्याने पाटी वाचली आणि मला म्हणतो, 'काका, नवीन हॉल मागच्या बाजूला का?' मी म्हटलं, कसला हॉल? तो म्हणतो, 'पाटीवर लिहिलंय ना, खानावळ वाढवली आहे. मोठी केली ना? एसी आहे का?' पोरं तोवर मागे धावत गेलेली, नवीन हॉल शोधायला. तिथे मागे काय आहे तुला माहीत आहे, मोरी आणि पिंप.

मी त्याला समजावत होतो की अहो, वाढवली म्हणजे बंद केली. तो मला येडा समजला. त्याची आजी मात्र गाडीला टेकून म्हणाली, 'अरे, बरोबर बोलतायत ते. आपण नारळ फोडला म्हणतो का? वाढवला म्हणतो. बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली. तसं दुकानसुद्धा बंद नाही करायचं, वाढवायचं.' मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. माझ्या बापाच्या तोंडून 'बंद' हा शब्द कधी निघाला नाही. म्हणायचा, भरल्या घरात अभद्र बोलू नये. म्हणून पेंटरला मी तेच लिहायला सांगितलेलं. मला काय ठाऊक, सगळं ठाणे एसी हॉल शोधत येईल.

मग मला आठवलं. मागे एकदा फोनवर टान्या म्हणालेली, 'अंकल, कॉन्ग्रॅट्स हां.' मला वाटलं, गणपतीचं काही असेल. आज सकाळी तिला फोन करून सरळ विचारलं, कशाचं गं कॉन्ग्रॅट्स? तर म्हणते, चिरागने पाटीचा फोटो पाठवलेला, तिने तो मोबाइलकडून इंग्लिश करून घेतला, आणि मोबाइलने सांगितलं, हॉटेल मोठं केलंय. आणि हे तिने तुला वाचून दाखवलं.

म्हणजे तू तिकडे बसून काय समजलास? की युजीन चार दिवस गेला आणि सहदेवने त्याला न विचारता भिंती पाडल्या, नवा आचारी आणला आणि धंदा वाढवला. अरे, कोणीही रुसेल, माझी आधीची पत्रं न फोडताच ठेवून देईल. मीसुद्धा रुसलो असतो. मी तर तुझ्या गावात येऊन शिव्या घातल्या असत्या. तू बिचारा गप्प बसलास.

आणि इकडे मी समजतोय, माझी खानावळ बुडाली तरी याला एक फोन करावासा वाटला नाही. मोबाइलच्या डोक्यावर हाणलं पाहिजे.

आता ऐक. मी आजच आतली बाकं सुलटी केली. बर्नर साफ करून आणले. वरच्या खोल्यांना चुना मारायला माणूस सांगितलाय, पक्षी बघणारी पोरं थंडीत येतील, त्यांना दर वर्षीसारखी जागा देऊ. तू फक्त मसाल्याची बाटली आणि स्वतःला घेऊन ये. स्टेलाला तिथे पोरीजवळ राहायचं असेल तर राहू दे, तुला शनिवार-रविवार सुट्टी देतो. नाही, शनिवार-रविवार गर्दी असते. सोमवार-मंगळवार देतो.

चिरागला मी सांगून टाकलंय, माझं नक्की नाही.

सहदेव


१९ ऑक्टोबर

युजीन,

पत्र मिळालं असं टान्या म्हणाली. मिळून बरेच दिवस झाले म्हणाली.

चुना मारून झाला. वास अजून जात नाही.

दिवाळी आली. चिराग काल गाडी घेऊन आलेला, सामान काय काय न्यायचं ते बघायला. त्याच्या आईचा, लक्ष्मीचा, फोटो त्याने भिंतीवरून काढला आणि पुसला. ती गेली तेव्हा तूच तो फोटो मोठा करून आणलेलास, स्वतः खिळा ठोकलेलास. मी त्याला म्हटलं, फोटो परत लाव, मी अजून गेलेलो नाही. पोराचं तोंड उतरलं. मला वाईट वाटलं, पण मी माफी मागितली नाही.

मी तिकडे येतोय. सांगून येतोय, म्हणजे नंतर म्हणू नकोस की घरी नव्हतो. दिवाळी उरकली की येतो.

सहदेव


९ नोव्हेंबर

युजीन,

घरी पोचलो. तू सांगितलेलंस, पोचल्यावर फोन कर. फोनवर मला जमलं नसतं. लिहितो.

आधी टान्याला सांग, हॉटेल सुंदर आहे. मी तोंडावर काही बोललो नाही कारण तोंडावर चांगलं बोलायची मला सवय नाही. उत्तनच्या बसमधून उतरलो तेव्हा ते वाळत घातलेल्या बोंबलांच्या पलीकडे निळ्या खिडक्यांचं घर दिसलं, आणि मला वाटलं, कोणा पैसेवाल्याचं असेल. चारच खोल्या, पण प्रत्येकीला माशाचं नाव. सुरमई, हलवा, पापलेट, बोंबील. पुण्याची एक बाई टान्याला सांगत होती, 'आम्हाला पुढच्या वेळीपण बोंबीलच द्या, तिथून समुद्र दिसतो.' ही नावं तू दिलीस हे मला कोणी सांगायला नको.

मी टेबलावर बसलो होतो. तू आतून आलास, ॲप्रन बांधलेला, उन्हाने काळा झालेला, अंगाने हलका. तुला मी दिसलो नव्हतो अजून. तू त्या पुण्याच्या लोकांना तुझ्या त्या इंग्लिशमध्ये कोळंबी कशी सोलायची ते दाखवत होतास आणि हसत होतास. युजीन, आपल्या खानावळीत इतकी वर्षं काढली, तुला मी असं हसताना पाहिलेलं नाही. तिथे तू आत धुरात असायचास आणि गिऱ्हाईक माझ्या वाट्याला. कधी माझ्या डोक्यातच आलं नाही की तुलासुद्धा माणसं बघायची असतील.

मग आपण मागच्या पायरीवर लसूण सोलत बसलो. मी काय काय विचारायचं ते बसमध्ये पाठ करून आलेलो. सगळं विसरलो आणि विचारलं, 'पत्रं मिळाली?'

'मिळाली.'

'तो फोटोचा घोळ टान्याच्या मोबाइलने घातला.'

तू लसणाची पाकळी बाजूला ठेवलीस. म्हणालास, 'सहदेव, मला फोटो बघितला तेव्हाच कळलेलं. तुझा बाप त्याच्या दुकानात रोज संध्याकाळी मला सांगायचा, युजीन, दुकान वाढव रे बाबा. फळ्या मी लावायचो. तू तोवर पळालेला असायचास. वाढवलं म्हणजे काय ते तू मला शिकवतोस?'

'मग फोन का नाही केलास?'

'काय बोलू? बंद केलंस हे कळलं आणि मला बरं वाटलं. खरं सांगतो. वाटलं, सुटलो, आता परत जायला नको. आणि मित्राचं बंद झालं आणि मला बरं वाटतंय, याची लाज वाटली. त्या लाजेत फोन कसा करू? पुढे तुझं ते पत्र आलं, बाकं सुलटी केली म्हणून. ते वाचून दोन दिवस मी जेवलो नाही, स्टेलाला विचार.'

मला राग यायला हवा होता. इतका लांब मी रागासाठीच आलेलो. पण राग आला नाही, रडू आलं. तू विचारलंस, काय झालं, आणि मी म्हणालो, लसूण. लसणाने डोळ्यांना पाणी येत नाही हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तू माझ्या पुढ्यातला लसूण तुझ्याकडे ओढून घेतलास, त्याबद्दल बरं वाटलं.

मला वाटत होतं की एका शब्दाने घोटाळा केला. शब्दाचा असता तर एका पत्राने मिटला असता. तू यायचा नव्हतास, एवढीच गोष्ट होती. आता समजलं. समजलं म्हणजे पचलं असं नाही.

दुपारी तू मला वाढलंस. तू वाढतोयस आणि मी बसून खातोय, असं आपल्या जन्मात कधी झालं नसेल. कालवण तेच होतं. मी ताट चाटूनपुसून खाल्लं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते लिहितो.

निघताना तू म्हणालास, 'आठवडाभर बोंबील रिकामी आहे. आणि सीझनला टान्याला हाताशी माणूस लागतोच, टेबलं बघायला. तू राहतोस का इथेच?'

मी म्हणालो, 'नको रे, तिकडे कामं पडलीत.'

आणि तू म्हणालास, 'बरं.'

बरं म्हणालास आणि माझी पिशवी उचलून बसस्टॉपकडे चालायला लागलास. मी तुझ्या मागून चालत होतो आणि वाट बघत होतो. बस येईपर्यंत वाट बघितली. तू मला पाण्याची बाटली दिलीस, खिडकीची जागा पकडून दिलीस, आणि हात केलास.

अरे, आपल्यात पहिल्या वेळेला कोणी हो म्हणतं का? माणूस ताटावर आडवा हात धरतो, नको नको म्हणतो, आणि आपण त्याच्या बोटांमधून भात घालतो. मी जन्मभर दुसरं काय केलं? कोणाचं पहिलं 'नको' मी कधी ऐकलं नाही, आणि तिसऱ्या 'नको'ला लोक हसून हात काढून घ्यायचे. तू आता पक्का हॉटेलवाला झालास. गिऱ्हाईक नको म्हणालं की तू पुढच्या टेबलाकडे वळतोस.

मला कसलंही काम नव्हतं. बाकं आहेत, ती पुसायची तरी कोणासाठी? चिराग रविवारी टेम्पो घेऊन येणार आहे. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीसुद्धा.

युजीन, अजून एकदा विचार.

सहदेव